कोकणात भाड्याने द्यायचं घर: देखभालीचा हिशेब शिमग्यापासून दिवाळीपर्यंत

कोकणात घर घेऊन ते भाड्याने द्यायचं ठरवणारे बहुतेक जण एका ओळीत हिशेब मांडतात. महिन्याचं भाडं गुणिले बारा, त्यातून घरपट्टी वजा, उरलं ते उत्पन्न. घाटावर हा हिशेब थोडाफार चुकतो, किनाऱ्यावर तो पार कोलमडतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याहूनही जास्त, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने खारा वारा लोखंड खात असतो. थंड प्रदेशात घरमालकाला घर ऊबदार ठेवण्याचा खर्च पडतो. आपल्याकडे खोल्या तापवाव्या लागत नाहीत, पण घर कोरडं ठेवण्यावर पैसे घालावेच लागतात.

हा खर्च अचानक उद्भवत नाही. त्याचे महिने ठरलेले आहेत, कामं ठरलेली आहेत, ती करणारी माणसंसुद्धा गावात ठरलेली आहेत. तेव्हा त्याला घरपट्टीसारखं धरावं, दर महिन्याला बाजूला काढावं आणि त्याच्या वेळेला खर्च करून मोकळं व्हावं. मुंबईत राहणारा मालकही हे सांभाळू शकतो, कारण तो शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला गावी येतोच. कामांचं वेळापत्रक मी त्याच फेऱ्यांना जोडून दिलं आहे.

आधी घर ओळखा

चिऱ्याचं कौलारू घर, स्लॅबचं स्वतंत्र घर आणि सोसायटीतला फ्लॅट या तिघांचे खर्च वेगवेगळे.

चिरा म्हणजे जांभा दगड सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आधी बघा. आतल्या बाजूने जमिनीपासून हात-दोन हातांपर्यंत गिलावा फुगलेला, पांढरी पूड सुटलेली दिसली तर भिंतीला लोणा लागला आहे. त्यावर नुसता रंग मारून उपयोग होत नाही, पुढच्या पावसात तो पापुद्र्यासारखा सुटतो. छपराखाली उभं राहून दिवसा वर बघा. कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसले तर तिथून पाणी येणार. वासे आणि रिपा यांच्यावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. संशय आला तर वाशाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. चांगल्या ऐन-किंजळाच्या लाकडात टोक शिरत नाही, वाळवीने पोखरलेल्यात सहज शिरतं.

स्लॅबच्या घरात धोका आत लपलेला असतो. समुद्राकडून येणारा क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतो आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटतं. बांधकामात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर हे आणखी लवकर होतं. तपासायची पद्धत सोपी आहे. बीमच्या खालच्या बाजूला, सळईच्या रेषेत, तपकिरी डाग किंवा सरळ लांब तडा दिसतो का पाहा. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने स्लॅबच्या खालून हळूहळू ठोकत जा. भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. गच्चीचा कठडा, सज्जे आणि जिन्याखालचा भाग आधी ठोका, तिथे काँक्रीटचं आवरण पातळ ठेवलेलं असतं. भारतीय मानकानुसार किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला किमान एम-३० प्रत (काँक्रीटच्या मजबुतीची श्रेणी) आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवं. गावातल्या जुन्या घरांत याच्या निम्मंही सापडत नाही, हे गृहीत धरूनच किंमत बोला.

अशा जागी फक्त सिमेंटचा थापा मारून देणारा मिस्त्री परत पाठवा. सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळई घासून लख्ख करायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं, एवढं झालं तरच ती दुरुस्ती. सळईची जाडी डोळ्यांना कमी झालेली दिसत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

फ्लॅटमध्ये बाहेरच्या भिंती आणि गच्ची सोसायटीकडे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीचा राखीव निधी) ०.२५ टक्के जमा करायचे असतात. फ्लॅट घेताना सोसायटीने हे दोन्ही निधी खरोखर जमा केलेत का ते ताळेबंदात पाहा. निधी रिकामा असेल तर गच्ची गळायला लागल्यावर सगळ्यांकडून एकरकमी वर्गणी मागितली जाणार. फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

पैशाचा हिशेब

रत्नागिरी-चिपळूणच्या बाजूचं, समुद्रापासून थोडं आत असलेलं एक चिऱ्याचं कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, विहीर. भाडं महिना १०,००० रुपये. खालचे आकडे पद्धत समजण्यापुरते आहेत, आपल्या गावातले दर विचारून बदलून घ्या. रीत अशी: वस्तू किंवा काम बदलायला किती लागतात ते लिहा, ते किती वर्षांनी करावं लागतं त्याने भागा.

– दरवर्षीची शाकारणी (पावसाआधी कौलं काढून परत नीट बसवणं) आणि फुटकी कौलं: ६,०००
– बाहेरचा रंग आणि भिंतींची डागडुजी, ४ वर्षांनी ४०,०००: वर्षाला १०,०००
– वाळवीवर फवारणी, ५ वर्षांनी १०,०००: वर्षाला २,०००
– विहिरीचा पंप, ६ वर्षांनी १५,०००: वर्षाला २,५००
– गिझर, ६ वर्षांनी ९,०००: वर्षाला १,५००
– वायरिंग, बटणं, अर्थिंग, ६ वर्षांनी १२,०००: वर्षाला २,०००
– सेप्टिक टाकीचा उपसा, ३ वर्षांनी ६,०००: वर्षाला २,०००
– नळ, कड्या, बिजागऱ्या, किरकोळ गळती: ६,०००

बेरीज ३२,०००. भाडं मात्र बारा महिने मिळेल असं धरू नका. भाडेकरू बदलताना एखादा महिना जातोच, म्हणून ११ महिन्यांचे १,१०,०००. म्हणजे हातात येणाऱ्या भाड्यातला जवळजवळ २९ टक्के भाग देखभालीचा. घरपट्टी आणि विम्याचे ७,००० धरले तर उरतात ७१,०००. हे घर ३५ लाखांना घेतलं असेल तर परतावा २ टक्क्यांच्या आसपास. जागेची किंमत वाढेल ही आशा वेगळी आणि भाड्याचं उत्पन्न वेगळं. कर्ज काढून घर घेणाऱ्याने ही दोन्ही गणितं वेगवेगळ्या कागदावर मांडावीत असं मला कळकळीने वाटतं, कारण हप्ता दर महिन्याला जातो आणि जागेचा भाव विकतानाच मिळतो.

३२,००० भागिले १२, म्हणजे महिन्याला साधारण २,७००. भाडं खात्यात जमा झालं की ही रक्कम दुसऱ्या खात्यात वळवायची किंवा आवर्ती ठेव सुरू करायची. अडचण पहिल्या वर्षी येते. निधी साठायच्या आत पंप जळू शकतो. म्हणून सुरुवातीलाच ४०-५० हजार वेगळे ठेवून मगच भाडेकरू शोधा. हे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असेल तर रंगाची आणि लोखंडाची वर्षं सरळ कमी करा, चारची तीन आणि सहाची चार.

पैसे कमी असतील तेव्हा क्रम चुकवू नका. आधी छप्पर, मग विजेची सुरक्षितता, मग पाणी आणि सांडपाणी, मग भिंती. टाइल्स आणि स्वयंपाकघराचा कट्टा सगळ्यात शेवटी. नवा कट्टा दाखवून हजार रुपये जास्त भाडं मिळेलही, पण वरून गळायला लागलं की तोच भाडेकरू श्रावणात घर सोडतो.

करारात कोणता खर्च कुणाचा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, लेखी कराराने काही वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरूने लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर तो ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडून भाडेकरूला त्रास देणं याच कायद्याच्या कलम २९ ने मना आहे. भाडं थकलं म्हणून पंपाचा फ्यूज काढणारा मालक स्वतःच अडचणीत येतो.

आता बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराने, दिली जातात, तिथे तर करारातला शब्दच कामाला येतो. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तो ऑनलाइनही नोंदवता येतो. छापील नमुन्यात ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ एवढंच असतं आणि सगळे वाद त्या ‘किरकोळ’वरून होतात. म्हणून रक्कम लिहा: एका वेळचं काम ५०० रुपयांपर्यंत असेल तर भाडेकरूचं, त्यावर मालकाचं. पुढे नावानिशी लिहा. छप्पर, भिंती, वायरिंग, पंप, गिझरची टाकी, सेप्टिक टाकी मालकाकडे. बल्ब, नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, तुटलेली काच भाडेकरूकडे. एसी दिला असेल तर सर्व्हिसिंग कुणी करायचं ते नक्की लिहा. मालकाने आधी कळवून सोयीच्या वेळी घर बघायला यायचं, वर्षातून दोनदा, हेही कलम घाला. मे महिन्यात शाकारणीसाठी माणसं छपरावर चढतील आणि घरात धूळ पडेल, याची कल्पना करारातच दिलेली बरी.

घर ताब्यात देताना प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत आणि फिटिंगचे फोटो मोबाईलवर काढून भाडेकरूला त्याच दिवशी पाठवा. वीज मीटरचं रीडिंगही त्यात असू द्या.

गरम पाणी

कोकणात थंडी फार नसते, तरीही गरम पाण्याशिवाय भाडेकरू घर घेत नाही. पावसाळ्यात तर रोज लागतं.

आधी खर्च समजून घ्या. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट वीज लागते. चार माणसांना ६० लिटर गरम पाणी धरलं तर दिवसाला दोन युनिट. हे बिल भाडेकरू भरतो. मालकाच्या वाट्याला येतो तो यंत्राचा खर्च. सोलर हिटरचा विचार करताना इथेच गल्लत होते. सोलर बसवण्याचे पैसे मालकाचे, विजेची बचत भाडेकरूची, आणि भाड्यात ती वसूल होईल याची खात्री नाही. शिवाय जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, तेव्हा सोलरला विजेची जोड द्यावीच लागते. जवळ माड असतील तर नारळ पडून काचेच्या नळ्या फुटतात. एका कुटुंबाला दिलेल्या घरात मी सोलर बसवणार नाही. चार-पाच खोल्या एकाच छपराखाली भाड्याने असतील आणि वीजबिल मालक भरत असेल तर मात्र सोलर जरूर बसवावा. तोंड दक्षिणेला, कलता कोन साधारण तिथल्या अक्षांशाइतका, रत्नागिरीला १७ अंशांच्या आसपास.

साध्या घराला १५ किंवा २५ लिटरचा साठवणीचा गिझर पुरतो. त्याच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातले क्षार टाकीऐवजी त्या कांडीला खातात. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तिथे ही कांडी लवकर संपते आणि मग टाकीला भोक पडतं. कांडीची किंमत नव्या गिझरच्या मानाने किरकोळ असते. दरवर्षी गणपतीच्या आसपास मेकॅनिककडून ती उघडून बघायची, बोटाएवढी जाड होती ती बारीक तारेसारखी झाली असेल तर बदलायची. तेव्हाच तळाचा गाळ काढून घ्यायचा आणि सुरक्षा झडप चालते का ते पाहायचं. झडपेतून थेंब पडतात म्हणून कुणी ती बुच मारून बंद केली असेल तर ताबडतोब काढायला लावा. आतला दाब बाहेर पडायची ती एकमेव वाट आहे.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात अजिबात नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. बसवायचाच तर बाहेरच्या भिंतीला, उघड्या हवेत. बादलीत टाकायच्या हिटरच्या कांडीला करारातच मनाई करा.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. जांभ्याच्या कातळात खड्डा नीट खोल घेतला नाही तर अर्थिंग लागत नाही, आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आहे तेही कमकुवत होतं. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेलाच हवा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला भाडेकरूला शिकवा. बटण दाबल्यावर वीज गेली पाहिजे, नाही गेली तर आरसीसीबी बदलायचा. ‘काका, गिझर चालू असला की नळाला हात लावताना झिणझिण्या येतात,’ असा भाडेकरू बाईंचा फोन आला तर ‘रविवारी बघतो’ हे उत्तर नव्हे. ‘बाई, आधी मेन स्विच बंद करा, कुणाला आंघोळीला जाऊ देऊ नका, वायरमन आत्ता पाठवतो,’ एवढंच बोला आणि खरोखर पाठवा.

जुन्या घरात न्हाणीची चूल आणि तांब्याचा बंब असतो. भाडेकरूला चालत असेल आणि धुराला नीट वाट असेल तर ती चूल मोडू नका. ज्या घरात रोज जाळ पेटतो त्या घराचं लाकूड कोरडं राहतं, हे जुनी माणसं सांगत आली आहेत आणि बंद पडलेल्या घरांची छपरं बघितली की ते पटतं.

शिमग्याची फेरी: बघणं आणि माणसं ठरवणं

शिमग्याला घर कोरडं असतं, गळतीचे गेल्या वर्षीचे डाग स्पष्ट दिसतात. खडूने प्रत्येक डागाभोवती गोल करा आणि फोटो काढा, शाकारणीवाल्याला तेच दाखवायचं. शाकारणीचा माणूस आणि गवंडी याच फेरीत ठरवा. एप्रिल-मेमध्ये गावातली कामकरी माणसं आंब्याच्या बागांत गुंतलेली असतात, मेच्या शेवटी तर प्रत्येकाला एकाच वेळी छपरावर माणूस हवा असतो. शाकारणी रोजाने द्या, कारण काम किती निघेल ते कौलं काढल्यावरच कळतं. रंगकाम उक्तं द्या, चौरस फुटावर, किती हात आणि कोणता रंग ते लिहून. बाहेर राहणाऱ्याने तीन टप्प्यांत पैसे द्यावेत: माल आल्यावर, काम अर्धं झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर गळत नाही हे बघून.

मे: मिरगाच्या आधीची कामं

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. त्याच्या किमान आठवडाभर आधी छपरावरचा माणूस खाली उतरलेला असावा.

मंगलोरी कौलं परतून घ्यायची, कोन्यांचा, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या कौलांचा, मसाला तपासायचा. जास्तीची ४०-५० कौलं घरी ठेवा, आणि ती त्याच बनावटीची. वेगवेगळ्या बनावटीच्या कौलांची खाच एकमेकांत बसत नाही आणि सांध्यातून पाणी शिरतं. पन्हळी साफ करा, छपरावर आलेल्या आंब्याच्या फांद्या आणि माडाच्या सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या. सुके नारळही.

पत्र्याचं छप्पर किंवा स्लॅबवरची पत्र्याची शेड असेल तर पत्रा धरून ठेवणारा प्रत्येक जे-हुक आणि त्याचा वॉशर बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली छपरंच्या छपरं उडाली. दुसऱ्या दिवशी पत्रे, कौलं आणि ती चढवणारी माणसं सगळ्यांना एकदमच हवी होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. वादळं मिरगाच्या तोंडावर येतात. वळचणीचा पत्रा जिथे वाऱ्याला तोंड देतो तिथे हुक दुप्पट जवळ घ्या.

पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी माडाची झापं बांधत, अजूनही तो चांगला उपाय आहे. ते जमत नसेल तर रंगीत पत्रा किंवा जाड प्लास्टिक लावा, पण भिंतीपासून थोडं अंतर सोडून, म्हणजे मागे हवा खेळेल. बाहेरच्या दारांना लोखंडी बिजागऱ्या लावू नका, पितळी किंवा ३१६ प्रतीच्या स्टीलच्या लावा. बाजारात सहज मिळणारं ३०४ स्टील समुद्राजवळ तपकिरी डाग धरतं.

सेप्टिक टाकी उपसायची असेल तर ती मेमध्येच. पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि संडास तुंबतो, तेव्हा गाडीही गाळात रुतते.

पावसाचे चार महिने

पावसाळ्यात घर रिकामं राहणं मला सगळ्यात महाग वाटतं. दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात बुरशी धरते, लाकूड फुगतं, छोटी गळती दोन महिने कुणाच्या लक्षात येत नाही. भाडेकरू मेअखेर सोडून चालला असेल आणि नवा मिळत नसेल तर पावसापुरतं भाडं कमी करून कुणाला तरी ठेवा. तालुक्याच्या गावी बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, लोट्याच्या एमआयडीसीत किंवा जयगडला कामाला आलेली माणसं याच दिवसांत घर शोधत असतात. तेही जमलं नाही तर गावातल्या एखाद्याला महिना ठरवून आठवड्यातून दोनदा घर उघडायला, पंखे लावायला, छताखाली बघायला सांगा आणि प्रत्येक वेळी दोन फोटो मागवा.

नदीकाठच्या घराचा वेगळा विचार हवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि वस्त्यांत शिरलं. अशा भागात तळमजला देताना मीटर, इन्व्हर्टर आणि पंपाचा स्टार्टर जुन्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ती खूण विचारा, ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

विम्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे आहे. वादळ, पूर, वीज पडणं त्यात येतं, आणि घर राहण्याजोगं राहिलं नाही तर बुडणाऱ्या भाड्याचीही तरतूद असते. रक्कम घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाची घ्या, जागेची किंमत त्यात धरू नका. हळूहळू लागलेली ओल किंवा गंज यासाठी विमा मिळत नाही. पर्यटकांना रोजाने खोल्या देत असाल तर ते कंपनीला आधीच लेखी कळवा, नाहीतर दावा नाकारायला त्यांना कारण मिळतं.

गणपती आणि दिवाळी

गणपतीला घरी आलात की ज्या भिंतींना ओल आली त्यांवर पुन्हा खडूने रेघ ओढा. ओल कुठपर्यंत चढली ते याच वेळी दिसतं. रंगाची घाई मात्र करू नका. ओल्या भिंतीला पाणीरोधक रंग दिला की आतलं पाणी आतच कोंडतं आणि फोड येतात. दिवाळीनंतर भिंत वाळू द्या, मग लोणा लागलेला गिलावा खरवडून नवा करा आणि नंतर रंग. उघड्या चिऱ्याला सिलिकॉनचा पारदर्शक लेपही तेव्हाच. विहिरीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर टाकून घ्या, किती टाकायची ते ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी विहिरीचा घेर आणि पाण्याची खोली बघून सांगतो. एसी असेल तर बाहेरच्या युनिटची जाळी गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खाऱ्या वाऱ्यात सगळ्यात आधी तीच कुजते.

पावत्या, कर आणि घर सोडताना

घरभाड्याच्या उत्पन्नावर कर मोजताना मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर काही खर्च केला असो वा नसो. वरच्या घराचं बघू. १,१०,००० मधून घरपट्टीचे ४,००० गेले, १,०६,००० च्या ३० टक्के म्हणजे ३१,८०० वजा. आपला ३२,००० चा अंदाज त्याच्या जवळ बसतो. पण ज्या वर्षी रंगकामाचे ४०,००० जातील त्या वर्षी जास्तीची वजावट मिळत नाही, म्हणून रंगाचे पैसे दर महिन्याला साठवलेले असणं गरजेचं. वजावट सरसकट असली तरी पावत्या जपून ठेवा. घर विकताना मोठ्या सुधारणांचा खर्च दाखवायला आणि भाडेकरूशी हिशेब करायला त्या लागतात. एका वहीत तारीख, काम, मिस्त्रीचं नाव, रक्कम एवढं लिहिलं तरी पुरे. दोन वर्षांत तुम्हाला तुमच्याच घराचे खरे आकडे मिळतील आणि वरची यादी फेकून देता येईल.

भाडेकरू घर सोडतो तेव्हा सुरुवातीचे फोटो समोर ठेवून दोघांनी मिळून घर फिरा. उडालेला रंग, घासलेली फरशी, पावसाने आलेली ओल हे वापराने आणि हवेने झालेलं नुकसान, ते डिपॉझिटमधून कापायचं नाही. फुटलेलं बेसिन, भिंतीत न विचारता मारलेली भोकं, जळालेला कट्टा हे कापता येतं, तेही वस्तू किती जुनी होती ते बघून. सहा वर्षं चालणारा गिझर पाचव्या वर्षी भाडेकरूच्या चुकीने बिघडला तर त्याच्याकडून नव्या गिझरची पूर्ण किंमत मागणं रास्त नाही, उरलेल्या एका वर्षापुरतीच मागा. शेवटचं वीजबिल भरल्याची पावती आणि किल्ल्या घ्या, कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे कारण लिहून कागद द्या आणि उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी बँकेतून पाठवा.